बीटाला पाला भरपूर, पण गड्डा धरत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरी भाजी लावायचं माझं पहिलंच वर्ष. मेथी आणि मिरची चांगली आली, म्हणून हौसेने बीट लावलं आणि तिथे अडकले.

12 इंची कुंडीत पंधराएक बिया टाकल्या. नवव्या दिवशी उगवण दिसली, तीही बियांपेक्षा दुप्पट रोपांची! इतकी तजेलदार होती की उपटायला हात होईना, सगळी ठेवली. आज 60 दिवस झाले. पानं वीतभर, देठ लालचुटूक. काल एका रोपाच्या बुडाशी बोटाने माती उकरली, तर खाली पेन्सिलीएवढं मूळ, आणि तेही शेजारणीच्या मुळाला पीळ घालून बसलेलं. फार वाईट वाटलं.

निम्मी माती, निम्मं गांडूळखत. शिवाय दर आठवड्याला शेणखताचं पाणी घालते. ऊन सकाळचं तीन तास. आता विरळणी केली तर उपयोग होईल का? काढलेली रोपं दुसऱ्या कुंडीत जगतील का?

प्रतिसाद १
ताई, बियांचं कोडं आधी सोडवू. आपण ज्याला बीटाचं बी म्हणतो तो खडबडीत दाणा म्हणजे वाळलेल्या फळांचा झुबका असतो. एकेका दाण्यातून दोन ते चार रोपं येतात, त्यामुळे बीटाला विरळणी चुकत नाही. दोन रोपांत 8 ते 10 सेंमी जागा हवी. तुमच्या कुंडीत पाच-सहाच ठेवा, सगळ्यात जोमदार असतील ती.

उपटू मात्र नका. मुळं गुंतलेली आहेत, एक ओढलं की शेजारचंही हलेल. कात्रीने मातीलगत कापा. कापलेला पाला भाजीला वापरा, बीट पालकाच्याच कुळातलं आहे. पीळ पडलेली मुळं दुसरीकडे लावून नीट गड्डा धरत नाहीत, तो खटाटोप नको.

शेणखताचं पाणी आजपासून बंद. नत्र जास्त झालं की झाड पाल्यातच रमतं.

प्रतिसाद २
वरच्या सगळ्याशी सहमत, पण मला खरी अडचण उन्हाची वाटते. तीन तासांवर पालेभाजी निघते, गड्ड्याला सहा तास तरी लागतात. कुंडी हलवता येईल का? आणि पाणी नेमाने द्या. माती कोरडी पडून एकदम भिजली की गड्डे तडकतात.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार! आत्ताच कात्री लावली, सहा रोपं ठेवली. कापताना जीव तुटला, पण आता प्रत्येकाच्या बुडाशी माती दिसते आहे. कुंडी उद्या गच्चीवर नेते. एकच विचारायचं राहिलं, गड्डा काढायला झाला हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
त्याचा खांदा, म्हणजे गड्ड्याचा वरचा भाग, मातीवर डोकावतो. साधारण 5-6 सेंमी रुंद दिसला की काढा. फार मोठा होऊ दिला तर आतून दोरे धरतो.