मुलीच्या गेममधली उडी सुधारली, पण मुलगीच उठून गेली

ढगांवरची_उडी

मी स्वतः भरपूर गेम खेळते. लहानपणी कॅसेट लावून खेळायचे, तेव्हापासूनचा नाद आहे. अजूनही घरात निजानीज झाली की हेडफोन लावून तासभर बसते. प्लॅटफॉर्मर, म्हणजे फळ्यांवरून उड्या मारत पुढे जायचे गेम, सगळ्यात लाडके. मुलगी अकरा वर्षांची आहे. माझ्या शेजारी बसून बघता बघता तिला गेम बनवायचा ध्यास लागला आणि दोन महिने ती स्क्रॅचवर (ठोकळे जोडून कोड करायचं मुलांचं साधन) एका मांजराला उड्या मारायला शिकवत होती.

तिची उडी अशी होती: स्पेस दाबली की मांजर दहा वेळा 10 ने वर जायचं, मग दहा वेळा 10 ने खाली. अगदी लिफ्टसारखं. मध्ये फळी आली तर तिच्यातून आरपार. खेळताक्षणी माझ्या बोटांना कळलं की उडी चुकतेय, पण का ते सांगता येईना, कारण मला कोड येत नाही. परवा "थांब, मी बघते" म्हणत माऊस हातात घेतला, शोधाशोध करत पाऊण तास खपले. उडी छान झाली. वळून बघते तर ती केव्हाच उठून गेली होती. त्यानंतर तिने ते प्रोजेक्ट उघडलेलंच नाही.

मला खेळातलं कळतं, ते तिच्या उपयोगी पडावं असं मनापासून वाटतं. पण कसं? शिवाय आता तिला "खऱ्या इंजिनात", म्हणजे गेम बनवायच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये, गेम करायचाय म्हणे. घाई होईल का?

चौकोनी_ठिपका

ताई, आधी तुम्ही केलेले बदल काढून तिचं जुनं प्रोजेक्ट जसंच्या तसं परत ठेवा. तिची लिफ्टवाली उडी तिची आहे, पुढचं त्यातूनच निघेल.

मग कॉम्प्युटर बंद करून चौकटीचा कागद घ्या. तिला सांगा, "वेग" नावाचा एक डबा आहे, उडी मारताना त्यात 12 टाकायचे. प्रत्येक फेरीला मांजर डब्यात असेल तेवढं वर सरकतं, मग डब्यातून 1 कमी होतो. 12, 11, 10... प्रत्येक फेरीचा ठिपका तिलाच काढू दे. शून्यापर्यंत 78 घरं होतात, तेव्हा दोन घरांना एक चौकट धरा. शून्याच्या पुढे काय, हे मात्र सांगू नका. -1, -2 आले की ठिपके आपोआप खाली वळतात. गुरुत्वाकर्षण एवढंच आहे, आणि ते स्वतःच्या हाताने वळताना बघण्यात जी मजा आहे ती तुमच्या पाऊण तासाने तिच्याकडून गेली. (रागावू नका, मीही माझ्या भाच्याशी हेच केलंय.) फळीवर टेकलं की वेग शून्य करायचा, हे त्यानंतर तिचं तिलाच सुचेल.

तुमचं काम खेळायचं. उपाय सांगायचा नाही, फक्त हाताला काय जाणवलं ते बोलायचं: "काठावर दाबलं, तरी उडी लागली नाही." चांगल्या प्लॅटफॉर्मरमध्ये पाय काठावरून सुटल्यावरही क्षणभर उडी चालते. त्याला कायोटी टाइम म्हणतात. 2018 च्या सेलेस्ट या गेममध्ये तो आहे. तुम्ही तो वर्षानुवर्षं वापरत असणार.

अर्धविराम

वरच्या प्रतिसादाला +१. इंजिनाचं म्हणाल तर गोडो बघा. फुकट आहे, 2014 पासून मुक्तस्रोत आहे आणि त्याची कोडची भाषा, जीडीस्क्रिप्ट, पायथन या भाषेसारखी वाचता येते. त्यातल्या तयार नमुन्यात उडीचा वेग -400 असतो, कारण तिथे वाय, म्हणजे उभी जागा सांगणारा आकडा, खालच्या दिशेने वाढतो. स्क्रॅचमध्ये वर जाताना वाढतो. वेगाचा डबा कळलेली मुलगी हा उलटा वाय दहा मिनिटांत पचवेल. डबा न कळता गेली तर नुसतं कॉपी-पेस्ट करत बसेल.

दोन_बॅट_एक_चेंडू

मी इंजिन बदलायच्या आधी एक तरी गेम पुरा करायला लावेन. दोन बॅट आणि एका चेंडूच्या पाँगसारखा, सुरुवात, गुण आणि शेवट असलेला. 1972 चा मूळ पाँगसुद्धा अटारी या गेम कंपनीत नव्या इंजिनिअरला सराव म्हणून दिलेलं काम होतं. अर्धवट दहा प्रोजेक्टांपेक्षा पुरं झालेलं एक मुलांना जास्त बळ देतं.

ढगांवरची_उडी

सगळ्यांचे आभार. जुनं प्रोजेक्ट परत आणलं आणि आधी तिची माफी मागितली. कागदावर शून्यानंतर ती थांबली, पेन्सिल चावत बसली. मी ओठ घट्ट मिटून ठेवले होते. मग म्हणाली, "आई, वजा आलं म्हणजे आता खालीच जाणार ना?" आणि उरलेले ठिपके भराभर काढले. स्क्रॅचमध्ये तो डबा बसवायला मात्र दोन दिवस गेले, फळीत पाय रुतत होते.

काल तिने मला खेळायला बसवलं. तीनदा काठावरून पडले. म्हटलं, "मी दाबलं होतं गं." तिने पुन्हा पुन्हा खेळायला लावून माझं बोट बघितलं, आणि पाय सुटल्यावर तीन फेऱ्यांपर्यंत उडी चालेल असं केलं. स्क्रॅचमध्ये सेकंदाला तीस फेऱ्या, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. हा तीनचा आकडा ठेवणाऱ्या व्हेरिएबलला, म्हणजे डब्याला, तिने नाव दिलंय "माफी". आज माफी पाचवर नेणार आहे. मला फारच सोपं वाटलं तर परत तीन.