मॅग्नेशियम कमी दिसलं की बाटली उचलायची नाही, आधी मीठ मोजायचं (माझं मत, भांडायला या)

मुक्काम_एडिसन
आधी फजिती सांगतो, मग मत. घरी ७५ गॅलनचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याची, जिवंत कोरलची म्हणजे प्रवाळांची टाकी) आहे, दगड वगळता पाणी धरा २५० लिटर, तीन वर्षं झाली. नोव्हेंबरात हीटरवर आणि रिटर्न पंपावर पांढरा खरखरीत थर बसायला लागला, गीझरच्या कॉइलवर बसतो ना तसा, आणि अल्क (अल्कलिनिटी, पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) काही केल्या टिकेना, आज ८ केली की परवा साडेसहा. मॅग (मॅग्नेशियम) मोजलं तर ११४० पीपीएम, म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम. समुद्रात १२९० च्या आसपास असतं, म्हणजे दीडशेने कमी. दहा जणांनी सांगितलं मॅग ओत, मी पण ओतलं, चांगलं महिनाभर ओतलं, १३२० झालं आणि मी खूश.

मग कधी नव्हे ते ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ, समुद्राइतकं) कॅलिब्रेशनचं पाकीट आणलं, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) दोन थेंब टाकले तर रेष ३९ वर! म्हणजे ज्याला मी इतके दिवस ३५ समजत होतो ते ३१ होतं. आरओच्या बिनमिठाच्या पाण्याने शून्य जुळवायचो आणि वाटायचं झालं कॅलिब्रेशन. शून्याला बरोबर म्हणजे ३५ ला बरोबर असं नसतं हे तेव्हा कळलं. आता हिशेब करा, १२९० गुणिले ३१ भागिले ३५, उत्तर ११४२. म्हणजे मॅग कमी नव्हतंच हो, मीठच कमी होतं. आठवडाभर हळूहळू सॅलिनिटी (खारटपणा) वर आणली आणि ओतलेलं मॅग धरून आकडा गेला १४९० वर. दोन गोगलगायी परवापासून उताण्या पडतायत, मी सरळ करतो, त्या परत पडतात.

तर माझं मत असं की दहातल्या नऊ टाक्यांत 'लो मॅग्नेशियम' नावाचा आजार नसतोच, चुकीची सॅलिनिटी नाहीतर म्हातारं टेस्ट किट असतं. बाटल्या विकणाऱ्यांचं फावतं एवढंच.

सिरिंजबहाद्दर
दहातल्या नऊ कुठून काढल्या भाऊ, एकाच टाकीतून? माझी ऐक. सॅलिनिटी दोन मीटरवर पक्की ३५, किट नवीन, मॅग ११८०. तीन महिने रोज कॅल्शियम आणि अल्क डोसरने (ठरलेला डोस आपोआप सोडणाऱ्या पंपाने) जात होतं, मॅगचा एक थेंब नाही, आणि मागची काच, ओव्हरफ्लो, पंपाचं तोंड सगळं कोरलाइनने (दगडासारख्या कडक शेवाळाने) जांभळं झालेलं. कोरलाइन आपल्या सांगाड्यात मॅग घेते, कोरलपेक्षा बरंच जास्त. वॉटर चेंज दोन महिन्यांतून एकदा. मग ते जाणार कुठे? डोस केलं, १३०० वर आलं, अल्क टिकायला लागली. विषय संपला. तुझा मीटर चुकला म्हणून सगळ्यांच्या बाटल्या फेकायच्या का.

आळशी_टाकीवाला
दोघेही आकड्यांच्या मागे लागलायत. मी चार वर्षांत मॅग दोनदा मोजलं असेल. दर रविवारी १० टक्के पाणी बदलतो, चहा पितो, बास. ती किट सरळ पन्नास इकडे पन्नास तिकडे दाखवतात, एकच पाणी दोघांनी मोजलं तर दोन उत्तरं येतात, रंग बदलला की नाही यावर नवराबायकोत भांडणं होतात. १२५० आणि १३०० मध्ये फरक काय ते माझ्या कोरलना माहीत नाही.

सिरिंजबहाद्दर
@आळशी, १२५० असेल तर तुझं बरोबर. पण ११४० वरून वॉटर चेंजने वर यायचं गणित कर. नव्या पाण्यात १३५० आहे असं धर, १० टक्के बदललंस, तर वाढ फक्त २१. एका रविवारी २१, पुढच्या रविवारी त्याहून कमी, आणि मधल्या दिवसांत कोरलाइन खातेय ते वेगळंच. मिठाच्या बादलीतच मॅग कमी असेल तर जन्मात वर येणार नाही. नवं कालवलेलं पाणी कधी मोजलंयस? मी मोजलं होतं, एका ब्रँडचं ३५ ला १२१० आलं, आणि बादली नीट हलवली नसेल तर वरचं मीठ वेगळं, तळाचं वेगळं.

वहीवाल्या_बाई
शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. एडिसनवाले, 'मॅग कमी नव्हतंच' हे तुमचं वाक्य चूक आहे. पाण्यात ११४० होतं म्हणजे ११४०च होतं. कारण मीठ असो की कोरलाइन, हीटरवरच्या स्फटिकाला त्याच्याशी काय देणंघेणं? कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक वाढायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि पुढची वाढ बिघडवतं, म्हणून समुद्राचं पाणी इतकं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी घेऊन शांत राहू शकतं. मॅग उतरलं की तो पहारा सैल होतो. त्यात हीटर गरम, तिथे थर आधी बसणारच.

आता तुमची खरी चूक. सॅलिनिटी ३१ असेल तर कॅल्शियम ४२० च्या जागी ३७० च्या आसपास आणि अल्क ७ च्या जागी सहा-सव्वासहा दिसायला हवी होती. तिन्ही एकाच प्रमाणात खाली असतील तर बोट मिठाकडे. तसं होतं का?

मुक्काम_एडिसन
बाई, तिथेच तर गंडलो. कॅल्शियम आणि अल्क डोसर रोज भरत होता, म्हणून कॅल्शियम ४१५ दिसायचं. दोघांना मेकअप केलेला, मॅग तेवढं उघडं पडलं. तुमचं बरोबर, वाक्य मागे घेतो, मत नाही घेत. कारण मिठात होतं आणि औषध मी दुसऱ्याच गोष्टीवर केलं.

सिरिंजबहाद्दर
मत पण निम्मं मागे घे की. आणि महिनाभर ओतलंस काय ते सांग.

मुक्काम_एडिसन
सुरुवातीला बाटली, मग महाग पडायला लागली म्हणून एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), फार्मसीतलं, बिनवासाचं. शेजारी म्हणाला ड्राइव्हवेवर बर्फ वितळवायला टाकतो ते मॅग्नेशियम क्लोराइडच असतं, ते टाक, त्याला मात्र हात जोडले. (इथे अमेरिकेत लोक खरंच वापरतात, शुद्धता कोण बघणार.)

वहीवाल्या_बाई
नुसतं एप्सम? मॅग १०० ने वाढवायला एप्सम वापरलं तर सोबत सल्फेट साधारण ३९५ ने वाढतं, आणि समुद्रात मुळात सल्फेट आहेच २७०० च्या आसपास, म्हणजे एका फटक्यात १५ टक्के. तेच मॅग्नेशियम क्लोराइडने केलं तर क्लोराइड २९० ने वाढतं, पण ते मुळात १९ हजारांच्या वर आहे, दीड टक्का, कळतही नाही. रीफ टँकच्या रसायनशास्त्रावर लिहिणाऱ्या रँडी होम्स-फार्लीच्या घरगुती पाककृतीत दोन्हींचं मिश्रण आहे ते उगीच नाही. एकदाच दुरुस्ती करायची तर क्लोराइड हेक्साहायड्रेट, साधारण १२ टक्के मॅग असतं. तुमच्या २५० लिटरला १०० ने वाढवायला २५ ग्रॅम मॅग, म्हणजे पावडर २०८-२१० ग्रॅम, आरओच्या पाण्यात विरघळवून, जिथे प्रवाह आहे तिथे, आणि दिवसाला १०० च्या वर नाही.

खाडीकाठ
ठाण्याहून लिहितोय. आमच्याकडे दगडी कोरल पाळायची सोयच नाही, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून लेदर आणि झोआ ही मऊ कोरल. मीठ महाग म्हणून ओळखीच्या बोटीवाल्याकडून लांबचं समुद्राचं पाणी घेतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट जात नाही, तेव्हा मागच्या वर्षी किनाऱ्यावरचं भरून आणलं. पावसाचं पाणी मिसळलेलं, सॅलिनिटी २६. मॅग मोजलंच नाही, आधी मीठ घातलं. त्यामुळे एडिसनवाल्यांना माझं मत, पण बाईंना डबल मत.

आळशी_टाकीवाला
बघा, हाही मोजत नाही आणि टाकी चाललीय.

सिरिंजबहाद्दर
त्याच्याकडे लेदर आहे रे, ते सांगाडा कुठे बांधतं कॅल्शियमचा तसा! तू अ‍ॅक्रोपोरासारखं दगडी कोरल ठेव आणि मग चहा पी. @एडिसन, आता १४९० चं काय करणार? उलटं काढायची बाटली नसते.

मुक्काम_एडिसन
काही नाही, डोस बंद, सल्फेटपण उतरेल म्हणून दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदलतोय. आज १४६० आलं, म्हणजे किटच्या चुकीत बसणारा फरक, बायको म्हणाली रंग अजून जांभळाच आहे, मी म्हणालो निळा झाला. एक गोगलगाय मात्र सकाळपासून काचेवर चढलीय.