फेब्रुवारीत केंब्रिज बेला जायचंय, शुक्रवारी परत येता येईल का?

तापीकाठचा:
नमस्कार मंडळी. मी मूळ भुसावळचा, सध्या एडमंटनला, जनरेटरच्या कंट्रोल पॅनलचं काम करतो. कंपनी केंब्रिज बेला पाठवतेय, कॅनडात पार वर, नुनावुतमध्ये, ६९ अंश उत्तर. यलोनाइफला विमान बदलायचं. सोमवारी जायचं, तीन दिवस काम, शुक्रवारी परत, कारण शनिवारी पोरीचा वाढदिवस. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये मे महिन्यात कूलरमध्ये बादल्या ओतत वाढलेला माणूस मी, उणे ३५ म्हणजे काय ते डोक्यातच शिरत नाही, त्यात शाकाहारी. कोणी गेलंय का तिकडे?

उणे_चाळीस:
भाऊ, मी दोनदा गेलोय. ते शुक्रवारचं तिकीट नुसता कागद समज. वारा सुटला की खालचा बर्फ उडतो, समोरचं घर दिसत नाही, मग विमान येतच नाही किंवा वर घिरट्या मारून परत जातं, आणि रस्ता म्हणशील तर नुनावुतमध्ये एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ताच नाही. मी चार दिवस अडकलेलो. वाढदिवस आधीच उरकून घे.
दुसरं म्हणजे सामान. बऱ्याचदा अर्ध्या विमानात मालच असतो, वजन जास्त झालं की आपली बॅग मागे. माझी टूलबॅग दोन दिवसांनी आली, तोवर पॅनलसमोर हात चोळत बसलो. टूल्स आठवडाभर आधी कार्गोने पाठव, औषधं नि लॅपटॉप जवळ ठेव, जॅकेट बॅगेत नको, अंगावर. शिडी उतरून पहिला श्वास घेतला तर नाकातले केस कडक झाले राव, काटे टोचल्यासारखे. आणि हो, बाहेरून आणलेलं सर्किट कार्ड किंवा लॅपटॉप लगेच चालू करू नको, आत पाणी सुटतं, बंद बॅगेतच तीन-चार तास राहू दे. साधी पीव्हीसी केबल तर गारठलेली असताना वाकवूसुद्धा नको, तडकते.

खानदेशी_सून:
आम्ही वर्षभर इकालुइतला होतो, नुनावुतच्या राजधानीत. भाजी विमानानं येते, त्यामुळे भाव विचारू नका, आणि एकदा दुकानात सुरकुतलेलं वांगं बघून मला भरिताच्या आठवणीनं रडूच आलं. कळण्याचं पीठ, मूगडाळ-तांदूळ, शेवभाजीचा मसाला आणि शेव घेऊन जा, खोलीत शेगडी आहे का ते आधी विचारा. बहुतेक गावांत पाणी टँकरनं येतं, आपल्या पारोळ्या-अमळनेरच्या उन्हाळ्यासारखं, फक्त बारा महिने, तेव्हा अंघोळ आटोपशीर. दारातच बूट काढायचे, हे तर आपल्यासारखंच. कोणी घरी बोलावलं तर जरूर जा, कॅरिबूचं, म्हणजे तिकडच्या हरणाचं, मांस समोर आलं तर खात नाही म्हणा, कोणी रागवत नाही, फक्त नाक मुरडू नका. केंब्रिज बेला आभाराला क्वाना म्हणतात. दारूवर काही गावांत पूर्ण बंदी आहे, नेणार असाल तर नियम बघा.

रावेरचा_केळीवाला:
भो, आमच्याकडे ८ अंशाला केळी करपते, हे वाचूनच मले गोधडी घ्यावी लागली. एक सांग, तिथं डिझेल गोठत नाही का?

उणे_चाळीस:
साधं डिझेल गोठतं, मेण धरतं त्यात, म्हणून थंडीचं वेगळं वापरतात. उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजानं येतं, टाक्या भरून ठेवायच्या, वर्षभर त्यावरच. नुनावुतमधल्या गावांची वीज डिझेलवरच चालते. त्यामुळे पॉवरहाऊसच्या माणसाला तिथं मान आहे हं, सगळं गाव पावणेदोन हजाराचं, दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना माहीत, जनरेटरवाला आलाय.

तापीकाठचा:
सगळ्यांना धन्यवाद. वाढदिवस आदल्या रविवारी करायचं ठरवलंय, बायकोला अजून सांगायचंय. कळण्याचं पीठ एडमंटनला कुठं मिळेल?