बदनामीनंतरच्या प्रेमकथेत नायकाचं काम नेमकं काय?

वाचनवेडी:
सार्वजनिक बदनामीनंतर नव्याने उभ्या राहणाऱ्या नायिकेच्या प्रेमकादंबऱ्या मी आवडीने वाचते. साचा ओळखीचा आहे. खाजगी फोटो किंवा व्हिडिओ पसरतो, नोकरी जाते, ठरलेलं लग्न मोडतं, ती अनोळखी गावी जाते आणि तिथे 'तो' भेटतो. सुरुवातीची प्रकरणं बहुतेकदा उत्तम जमतात. कुणी नाव विचारलं तर ती पहिलंच नाव सांगते, आडनाव गिळते, आणि समोरच्याचा हात फोनकडे जातोय का ते पाहत राहते. हे वाचताना पोटात कालवतं.

मग घसरण सुरू होते. नायक चारचौघांत तिची बाजू घेतो, टोमणे मारणारे गप्प होतात, गेलेली अब्रू परत येते. माझा आक्षेप इथेच आहे. चारित्र्याचा दाखला शेवटी पुरुषाच्याच सहीने मिळणार असेल, तर ती स्वतः उभी राहिली कुठे? १८५० साली आलेल्या 'द स्कार्लेट लेटर' या अमेरिकन कादंबरीतली हेस्टर प्रिन छातीवर व्यभिचाराच्या कलंकाचं अक्षर वागवते, भरतकाम करून स्वतःचं आणि मुलीचं पोट भरते, आजाऱ्यांची सेवा करते. गावाची नजर बदलते ती या कामामुळे. तिचा प्रियकर तर जवळजवळ शेवटापर्यंत तोंड उघडत नाही.

निशिगंध:
साफ असहमत. हेस्टरला तुम्ही आदर्श मानता, पण तिच्या वाट्याला सहजीवन येतच नाही. प्रियकर कबुली देतो आणि तिथेच मरतो. ती शोकांतिका आहे. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेने प्रेमकादंबरीच्या दोनच अटी सांगितल्या आहेत: केंद्रस्थानी प्रेमकथा हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशादायक हवा. मग प्रेमाने काहीच बदलू नये, ही अपेक्षा कशी चालेल?

दुसरं म्हणजे, बदनाम झालेली व्यक्ती एकटी पडते आणि एकटेपणात लाज वाढत जाते. जगाने जिला एका व्हिडिओत संपवलं, तिचं बाकीचं आयुष्य ऐकायला कुणीतरी समोर बसतं, याला तुम्ही दाखला म्हणता? मला ती माणसाची किमान गरज वाटते.

काठावरचा:
ती प्रत्येक वेळी निर्दोषच का असते, हे कुणी विचारत नाही. गैरसमज तरी असतो, नाहीतर कुणाचा तरी डाव. सत्य उघड झालं की सगळे माफी मागतात. तिने खरंच कुणाबद्दल क्रूर काही लिहिलं असेल तर? शिक्षा चुकीच्या मानाने अवाढव्य, पण चूक तिचीच. अशा बाईवर प्रेम करणाऱ्याला काय काय गिळावं लागेल, आणि जिला दुखावलं तिच्यासमोर ती काय बोलेल? ही कादंबरी मला वाचायची आहे.

वाचनवेडी:
काठावरचा, हे शंभर टक्के पटलं. अशा कथेत तर नायकाच्या भाषणाने काहीच सुटणार नाही, माफी तिलाच मागावी लागेल.

निशिगंध, मोनिका लेविन्स्कीचं बघा. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याशी असलेले संबंध उघड झाले आणि १९९८मध्ये तिची जगभर नाचक्की झाली. पुढे बरीच वर्षं ती लोकांसमोर बोलणं टाळत राहिली. २०१४मध्ये लेख लिहून आणि २०१५मध्ये 'टेड' या भाषणमालेच्या व्यासपीठावर उभं राहून तिने आपली गोष्ट स्वतः सांगितली. कुणा नायकाने तिची वकिली केली नाही.

निशिगंध:
त्याच भाषणात ती आईबद्दल काय सांगते तेही आठवा. आई रोज रात्री तिच्या पलंगाशी बसून राहायची. न्हाणीघराचं दार उघडं ठेवूनच तिला अंघोळ करायला लावायची, कारण मुलगी लाजेपायी जीव देईल ही भीती होती. व्यासपीठ पुढे आलं, आधी कुणीतरी तिला जगवलं.

वाचनवेडी:
मान्य. पण आईने तिच्यासाठी जगाशी भांडून निर्दोषत्वाचा निकाल मिळवला, असं ती म्हणत नाही. ती पलंगाशी बसली. असा नायक लिहा, माझी तक्रारच उरणार नाही. इंटरनेटवर तिचं नाव शोधलं की जुनी बातमी पहिल्याच पानावर येते हे ज्याला ठाऊक आहे, आणि ती पुसण्याचं वचन जो देत नाही.

काठावरचा:
पुसता येतही नाही. इंग्लंडमध्ये माणसाला लाकडी चौकटीत अडकवून चौकात उभं करण्याची शिक्षा १८३७मध्ये रद्द झाली. ती निदान ठरलेल्या वेळेनंतर संपायची. युरोपीय न्यायालयाने २०१४मध्ये गूगलविरुद्ध जो निकाल दिला, त्यानेही नावाच्या शोधातून जुने दुवे काढून घेता येतात, मूळ पान जागेवरच राहू शकतं. 'सगळे विसरले' हा शेवट म्हणूनच मला खोटा वाटतो.

निशिगंध:
विसरावं असं मीही म्हणत नाही. पण निदान एका माणसाने तरी चारचौघांत तिच्या बाजूने बोलावं, हा प्रसंग मी सोडणार नाही. बदनामी चव्हाट्यावर झाली असेल, तर साथ फक्त बंद दाराआड का द्यायची?

वाचनवेडी:
द्या की चारचौघांत. फक्त आधी तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर गप्प बसा. तिच्या इच्छेविरुद्ध एकदा सगळं जगासमोर मांडून झालंय. प्रेमापोटी का होईना, तेच दुसऱ्यांदा करणारा मला नायक वाटत नाही.