मदत हवी आहे : आईचा मायक्रोआरएनए रिपोर्ट कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय.

गेले दोन हिवाळे आईची बोटं गारठ्यात चुन्यासारखी पांढरी पडतात, मग निळी, मग लालबुंद होऊन ठणकतात. आम्ही थंडीवर ढकलत राहिलो. परवा रात्री सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) गरम गराडूचा (तळलेल्या कंदाचा) दोना हातात धरूनही दहा मिनिटं रंग परतला नाही, तेव्हा टरकलो. डॉक्टर म्हणाले, रेनॉड, म्हणजे गारठ्यात बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून जाणं. एएनए (शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवतंय का ते बघणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आला, आता त्यांतल्या सेंट्रोमियर आणि एससीएल-७० या अँटिबॉडी तपासायच्यात. इथवर कळलं.

मधल्या मध्ये एका नातेवाइकांच्या आग्रहाखातर एका खासगी लॅबमध्ये मायक्रोआरएनएची तपासणी करून बसलो. (खर्च विचारू नका, बाबांना अजून सांगितलेला नाही.) मिर-२१ नावाचा मायक्रोआरएनए वाढलेला, मिर-२९ए घटलेला. तळाशी बारीक अक्षरांत : ‘नमुना हिमोलाइज्ड’.

वाचून एवढं समजलं की हे साधारण बावीस अक्षरांचे आरएनएचे तुकडे. स्वतः प्रथिन बनवत नाहीत, दुसऱ्या जनुकांचे निरोप दाबतात. २०२४चं वैद्यकाचं नोबेल याच शोधाला मिळालं. मिर-२९ कोलॅजेनला (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) आवरतो, तो कमी झाला की कोलॅजेन साचून कातडी ताठरते म्हणे. तेव्हापासून झोप उडालीय. आईला स्क्लेरोडर्मा (हाच कातडी ताठरण्याचा आजार) आहे असंच धरायचं का?

प्रतिसाद १ :
दादा, आधी झोपा. मी बडोद्याला पीसीआरच्या कामात आहे, डॉक्टर नाही. हिमोलाइज्ड म्हणजे लाल पेशी फुटून त्यांच्यातला माल सीरममध्ये उतरला. त्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. आता गंमत बघा, कित्येक ठिकाणी मिर-१६लाच मापाचा दगड धरून बाकीचे मोजतात. दगडच जड झाला तर मिर-२९ हलका दिसणारच! मिर-२१ तर सूज, हृदयविकार, कॅन्सर, कशातही वाढतो. स्क्लेरोडर्मा ठरवायच्या २०१३च्या निकषांत मायक्रोआरएनए नाहीच. बोटांची कातडी, त्या अँटिबॉडी, नखांच्या मुळाशी दिसणाऱ्या केशवाहिन्या आहेत. ती नखांची तपासणी झाली का? रिपोर्टमध्ये संदर्भ, म्हणजे मापाचा दगड, म्हणून काय धरलंय?

धागाकर्ता :
आत्ताच पाहिलं. मिर-१६च! नखांची तपासणी राहिलीय, सोमवारी डॉक्टरांना विचारतो. एक बावळट शंका : रविवारी मामेबहिणीचं लग्न आहे, आई बोटांना मेंदी लावायची म्हणतेय. चालेल, की तपासणी होईस्तोवर थांबवू?