दुधाच्या कॅनने घासलेली जुनी स्प्लेंडर: बाहेरून नीट कशी करावी?

मांजराकाठ (केज, जि. बीड)

नमस्कार मंडळी. 2018 ची बीएस-4 स्प्लेंडर प्लस घेतली आहे, काळी. इंजिन, चेन, टायर ठीक आहेत. आधीच्या मालकाचं डेअरीला दूध घालायचं काम होतं, दोन्ही अंगांना 40 लिटरचे कॅन लटकायचे. त्यामुळे बाहेरून गाडीची रया गेली आहे. साइड पॅनल मागच्या अर्ध्यात कॅनच्या स्टँडच्या पट्टीने घासून पांढरी पडलीत, डाव्या पॅनलचा खालचा खुंट तुटलाय. साडीगार्ड आत दबलाय, कॅरिअरला गंज आहे. टाकीवर चरे आणि उजवीकडे रुपयाएवढा पोचा. क्रोमच्या सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी वितळून चिकटली आहे. सीट शिवणीवर उसवली आहे.

पेंटर म्हणतो, सगळी गाडी एकदमच रंग मारून टाकू. तसं करावं, की जमेल तेवढं घरी करावं? कशापासून सुरुवात करू?

लोखंडकाम_जालना

भाऊ, रंगाचा विचार शेवटी. आधी सांगाडा बघा. 40 लिटर दूध म्हणजे 41 किलो. दोन्हीकडचं मिळून ऐंशीच्या वर, कॅन आणि स्टँडचं वजन वेगळं. हे सगळं सीटखालच्या पाइपांवर लटकतं आणि खड्ड्यात त्याचा झटका बसतो. तडा गेलाच असेल तर मागचा शॉकअप वर जिथे बसतो त्या वेल्डिंगजवळ किंवा स्टँडची पट्टी पाइपला टेकायची तिथे.

सीट आणि दोन्ही पॅनल काढा. दूध सांडून वाळलेलं असणार, ते आधी गार पाण्याने भिजवून साबणाने धुवा. गरम पाणी टाकलं की साका आणखी घट्ट बसतो. आंबलेलं दूध लोखंड खातं, म्हणून कोपरे ब्रशने साफ करा. मग टॉर्च तिरपी धरून पाइप बघा. रंगावर केसासारखी तांबूस रेघ दिसली तर ती तडा समजून तपासायची. तिथला रंग घासून काढा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कापडाने अगदी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल परत बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूत ओली रेघ उमटते. काही उमटलं नाही तर वरवरचा गंज आहे.

गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. खट्ट आवाज आला तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेलेत. मागच्या एक्सलच्या मध्यापासून कॅरिअरच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. फरक मोठा असेल तर कॅरिअर वाकलंय की खालचा पाइप, हे कॅरिअर काढल्यावर कळतं. सांगाड्याला तडा निघाला तर तो चांगल्या फॅब्रिकेटरकडूनच भरून घ्या. नुसता टाका मारून वर रंग फासला तर तडा टाक्याच्या शेजारून पुढे सरकतो.

साडीगार्ड गाडीवरून काढून, बाकात (व्हाइसमध्ये) धरून, लांब पाइपचा दांडा घालून थंडच सरळ करा. गॅसने तापवला की क्रोम निळं पडतं आणि पापुद्रे सुटतात. क्रोमवर वेल्डिंग करायचंच असेल तर तेवढं क्रोम आधी घासून काढा. त्याचा धूर विषारी असतो. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि सीडीआयचं (ठिणगी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचं) कपलर काढून ठेवा.

कॅरिअर हलवून पाहा, आत पाणी खुळखुळलं तर पाइप आतून गंजतोय. सर्वात खालच्या बिंदूवर 4 मिलिमीटरचं भोक पाडा आणि ते कायम उघडं ठेवा. नंतर पावडर कोटिंग करून घ्या. वाळूजला आणि चिकलठाण्याला हे काम जॉबवर्कवर होतं. भट्टी 180 ते 200 अंशांची असते, तेव्हा रबर, बुश, रिफ्लेक्टर आधी काढा आणि बोल्टच्या आट्या झाकून घ्या. सांगाडा रंगवायची वेळ आलीच तर चेसिस नंबरवर जाड थर चढू देऊ नका. नंबर वाचता आला नाही तर पुढे गाडी नावावर करताना अडतं.

रंगकाम_वाळूज

सगळी गाडी मारू नका. टाकीवरचा कंपनीचा रंग शाबूत असेल तर तो कुठल्याही गॅरेजच्या रंगापेक्षा टिकाऊ आहे. जिथे गेलाय तिथेच काम करा. रंग काळाच ठेवा. बदलला तर आरसीवर नोंद करायला आरटीओत जावं लागेल.

चऱ्यावर पाणी टाका. ओला असताना दिसेनासा झाला तर तो वरच्या लॅकरमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे. नख अडकलं तर खोल आहे आणि पॉलिशने जाणार नाही. पहिल्या प्रकाराला 2000 चा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. मग 3000, मग रबिंग कंपाउंड, मग पॉलिश. लॅकरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. टाकीच्या कडेला आणि घडीवर तो सगळ्यात कमी असतो, तिथे पेपर लावूच नका. पेपर मारताना पाणी दुधाळ येतं तोवर लॅकर निघतंय. काळं यायला लागलं की थांबा, खालचा रंग सुटला.

स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा. कड लागली तर स्टिकर लॅकरच्या वर आहे, त्याला पेपर लागला की छपाई गेलीच.

खोल चऱ्यात टचअप रंग काडीच्या टोकाने भरा. एकाच वेळी गच्च भरला की वरून वाळतो आणि आतून मऊ राहतो, पुढे खळगा पडतो. पातळ थर, मध्ये अर्धा तास, असे तीन-चार. रंग किंचित वर आला पाहिजे. आठवड्याने 2000 ने सपाट करा.

पोच्याबद्दल: टाकी तापवून किंवा झाळून पोचा काढायला कुणालाही देऊ नका. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. रंग फुटला नसेल तर गोंदाची गुटी चिकटवून ओढणारे कारागीर मिळतात. रंग फुटला असेल तर पत्रा उघडा करा, इपॉक्सी प्रायमर, वर पुट्टी, 2 ते 3 मिलिमीटरच्या आत. 100 ग्रॅम पुट्टीला 2 ग्रॅम हार्डनर, उन्हाळ्यात दीडच, नाहीतर हातातच दगड होते. पुट्टी कोरडीच घासा, आधी 120, मग 320. पाण्याने घासली तर ती पाणी पिते आणि सहा महिन्यांनी त्याच जागी फोड येतो.

मांजराकाठ

धन्यवाद दोघांनाही. खडूची परीक्षा केली, रेघ उमटली नाही. चाकही हलत नाही. पोच्यावर रंग फुटलाय. बाजारात मिळणारा स्प्रे कॅन टाकीला चालेल का? आणि पॅनलचा खुंट, पिशवी, सीट?

सीट_आणि_प्लास्टिक_लातूर

पॅनल आतून बघा, बारीक अक्षरांत एबीएस किंवा पीपी असा प्लास्टिकचा प्रकार लिहिलेला असतो. एबीएस असेल तर भंगारातल्या एबीएस पॅनलचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. मधासारखी लापशी झाली की खुंटाच्या दोन्ही तोंडांना लावून जोडा आणि पूर्ण दिवस हात लावू नका. आग जवळ नको. पीपीवर ॲसिटोनचा काही उपयोग नाही, तिथे सोल्डरिंगच्या गरम टोकाने स्टीलची जाळी आत दाबून प्लास्टिक वितळवावं लागतं. तडा पुढे चालला असेल तर त्याच्या टोकाला 2 मिलिमीटरचं भोक पाडा, तिथेच थांबतो. खुंट तुटतो तो बहुधा सांगाड्यातलं रबर वाळून कडक झाल्याने. रबर नवं घाला, नाहीतर जोडलेलाही तुटेल. पॅनल जास्तच खराब असेल तर नवं आणा, फार महाग नसतं.

पिशवीसाठी इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. प्लास्टिक मऊ झालं की लाकडी पट्टीने खरवडा. उरलेला डाग ॲसिटोनच्या फडक्याने पुसून बघायचा तर सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावरच, कारण गरम धातूवर ॲसिटोन पेटू शकतं. क्रोमवरचे गंजाचे ठिपके ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळले की निघतात. काचकागद अजिबात नको.

काळं प्लास्टिक चमकवायला डिझेल किंवा जुनं ऑइल लावतात, ते करू नका. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ त्यावर थापली जाते आणि रबर फुगतं. प्लास्टिकसाठीचं ट्रिम रिस्टोअरर घ्या.

सीट उसवल्यावर आधी फोम पिळून बघा. पाणी निघालं तर दोन दिवस सावलीत वाळवा. कव्हर बदलताना फोमवर जाड पॉलिथिन घाला, रेक्झिन अर्धा तास उन्हात ठेवून मग ताणा. पिना 6 मिलिमीटरच्या घ्या. लांब पिन सीटच्या प्लास्टिकमधून आरपार जाऊन फोममध्ये टोचते.

रंगकाम_वाळूज

साधा स्प्रे कॅन टाकीला नको. पेट्रोलचा एक थेंब ओघळला की रंग विरघळून पट्टा पडतो. टाकीला दोन भागांचं, हार्डनरवालं पीयू (पॉलियुरेथेन) लॅकरच लागतं. प्रमाण डब्यावर असतं तसंच घ्या, अंदाजाने नको. हार्डनरची वाफ फुफ्फुसाला घातक आहे, साधा रुमाल चालत नाही, म्हणून हे काम रंगाचा स्प्रे बूथ असलेल्याकडून करून घेतलेलं बरं. पॅनल आणि कॅरिअरला साधा कॅन चालेल. पॅनल पीपी असेल तर आधी प्लास्टिक प्रायमर मारा, नाहीतर रंग सालपटासारखा निघतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी फवारू नका. थेंब पृष्ठभागावर पडायच्या आधीच वाळतात आणि पॅनल रेताड होतं. सकाळी नऊच्या आत उरका आणि पॅनल सावलीतलं असू द्या. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत काळ्यावर पांढरट साय धरते. पेंटरला स्लो थिनर घ्यायला सांगा. टाकी रंगवल्यावर महिनाभर मेण लावू नका, थिनर निघून जायला वाट मोकळी लागते. बोअरच्या पाण्याने धुवून गाडी उन्हात वाळवू नका, क्षाराचे गोल डाग नव्या लॅकरवर लवकर बसतात.

पुढे गोणी किंवा डबा बांधणार असाल तर रंगकामानंतर पॅनलच्या घासणाऱ्या पट्ट्यावर जाड पारदर्शक फिल्म चिकटवा, हुकांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवा आणि पिशवी व सायलेन्सरमध्ये चार बोटं जागा राहील असं बांधा.