रेआल सोसिएदादची बी टीम: पोराला सीनियरमध्ये कधी घ्यायचं, लोनवर कधी पाठवायचं?

सहा_नंबर (मूळ प्रश्न)

सान्से, म्हणजे रेआल सोसिएदाद या स्पॅनिश फुटबॉल क्लबची बी टीम, 2021 ला कोच शाबी अलोन्सोच्या हाताखाली सेगुंदात (स्पेनच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये) चढली. 1962 नंतर पहिल्यांदाच. पुढच्याच मोसमात खाली आली आणि 2025 ला परत वर गेली. मिडफिल्डर सुबिमेंदी याच टीममधून आला आणि 2025 ला आर्सेनलला गेला. म्हणजे गाडी रुळावर आहे हे दिसतंय, पण आतली यंत्रणा नीट समजत नाही.

बी टीम वरच्या डिव्हिजनला जाणं मुलांसाठी खरंच चांगलं असतं का? एकच मुलगा मंगळवारी सीनियरबरोबर सराव करतो आणि रविवारी बीकडून खेळतो, तर त्याचा आठवडा कोण आणि कसा बसवतं? आणि बी टीम असताना लोनवर, म्हणजे काही काळासाठी दुसऱ्या क्लबकडे, का पाठवतात? स्पेनचे नियमही कोणीतरी सोप्या भाषेत सांगा, कारण जर्मनी आणि इंग्लंडचे नियम त्यात मिसळून माझा पुरता गोंधळ झालाय.

---

उजवी_बगल

आधी नियम, कारण अर्धे निर्णय तिथेच ठरतात.

स्पेनमध्ये बी टीम नेहमीच्या लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध खेळते. मात्र क्लबची सीनियर टीम ज्या डिव्हिजनमध्ये आहे तिथे ती जाऊ शकत नाही, त्यामुळे ला लीगाचं, म्हणजे पहिल्या डिव्हिजनचं, दार बंद. 1983-84 ला रेआल माद्रिदची कास्तिया सेगुंदात पहिली आली, तरी जागेवरच राहिली. कोपा देल रे या स्पेनच्या कपमध्येही आता बी टीमला प्रवेश नाही. पूर्वी होता, 1980 ची फायनल माद्रिद विरुद्ध कास्तिया अशीच झाली होती आणि माद्रिदने ती 6-1 ने जिंकली.

खेळाडूंचं असं. सीनियरच्या जर्सी 1 ते 25. बीच्या मुलाला वर बोलावलं की तो 26 च्या पुढचा नंबर घालतो. वर-खाली करण्याची ही सोय 23 च्या आतल्या मुलांसाठी आहे. ट्रान्सफर विंडो बंद झाली तरी बीचा मुलगा वर खेळवता येतो, म्हणून जानेवारीनंतर दोन सेंटर बॅक जखमी झाले की बी टीम हाच आधार. पण मैदानावर कुठल्याही क्षणी किमान 7 जण सीनियर नोंदणीचे हवेत. शेवटच्या वीस मिनिटांत चार-पाच पोरं उतरवताना बेंचवर कोणीतरी हे मोजत बसलेलं असतं.

अजून एक खाच आहे, ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही: सस्पेन्शन. जानेवारी 2019 ला बार्सिलोनाने लेव्हान्तेविरुद्ध कोपाच्या सामन्यात बी टीमचा चुमी खेळवला. बीकडून मिळालेल्या पिवळ्या कार्डांमुळे तो सस्पेंड होता. लेव्हान्तेने तक्रार केली, पण ती मुदतीनंतर गेल्यामुळे फेटाळली गेली आणि बार्सिलोना वाचली. तेव्हापासून तरी बी टीमच्या मॅनेजरची कार्डांची वही सीनियरच्या मॅनेजरकडे दर आठवड्याला गेलीच पाहिजे.

जर्मनीत बी टीमची मर्यादा तिसरी लीग. बायर्नची दुसरी टीम 2019-20 ला ती लीग जिंकली, तरी वर गेली नाही. इंग्लंडमध्ये लीगच्या उतरंडीत बी टीमला जागाच नाही. तिथे प्रीमियर लीग 2 म्हणजे मुलांविरुद्ध मुलं, वर ईएफएल ट्रॉफी या कपमध्ये खालच्या डिव्हिजनच्या क्लबांविरुद्ध मोजके सामने. म्हणूनच इंग्लिश क्लब लोनवर एवढे अवलंबून असतात.

---

लोड_शीट

आठवड्याच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण मुलं मोडतात ती इथेच.

समजा सीनियरचा सामना शनिवारी आणि बीचा रविवारी दुपारी. सीनियरचा जड दिवस बुधवार, बीचा गुरुवार. मुलगा बुधवारी वर सराव करतो, कारण अकरा विरुद्ध अकराला वर माणूस कमी पडतो. गुरुवारी त्याला खाली पाठवतात आणि खालचा कोच त्याला बाकीच्यांबरोबर पूर्ण सत्र करायला लावतो. दोन जड दिवस लागोपाठ, रविवारी 90 मिनिटं, आणि तीन-चार आठवड्यांत हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या स्नायूची) दुखापत. वर कोणी चुकलं नाही, खाली कोणी चुकलं नाही. दोन्हीकडच्या आकड्यांची बेरीज कोणी केली नाही, एवढंच.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त सर्रास. शनिवारी सीनियरच्या बेंचवर बसला, उतरला नाही, रविवारी प्रवासामुळे बीचा सामनाही हुकला. असं सलग तीन आठवडे झालं की सामन्यातला वेग अंगातून जातो. मग अचानक 70 मिनिटं खेळवला की दुखापत ठरलेली.

उपाय साधे आहेत, पण ते चिकाटीने करावे लागतात.

दोन्ही टीमचं जीपीएस (खेळाडू किती आणि किती वेगाने धावला त्याची नोंद) एकाच शीटमध्ये आणि ती शीट एकाच माणसाच्या ताब्यात हवी. एकूण किलोमीटरवर समाधान मानू नका. ताशी 19.8 किमीच्या वरचं धावणं आणि 25.2 च्या वरचे स्प्रिंट वेगळे मोजा, कारण बेंचवर बसलेल्या मुलाचे नेमके हेच आकडे घसरतात.

मुलगा वर राहणार की खाली हे गुरुवारी संध्याकाळपर्यंत ठरवा. शुक्रवारी दुपारपर्यंत टांगून ठेवलं की बीच्या कोचचे सेट पीस (कॉर्नर, फ्री किकची आखणी) कोलमडतात आणि मुलगा दोन्हीकडे अर्धवट तयार असतो.

शनिवारी उतरला नाही तर सामना संपताच त्याच मैदानावर 15-20 मिनिटं: 15 सेकंद पळ, 15 सेकंद थांब, असे 6 चे दोन सेट, मधे दोन मिनिटं विश्रांती, शेवटी 30 मीटरचे 4 स्प्रिंट. रविवारी बीकडून खेळणार असेल तर यातलं काहीही करायचं नाही.

18-20 वयात मोसमाला 2000 पेक्षा कमी मिनिटं हा माझ्या लेखी धोक्याचा बावटा. प्रिमेरा फेदेरासिऑनमध्ये (सेगुंदाच्या खालच्या, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये) 38 सामने, म्हणजे 3420 मिनिटं. त्याच्या साठ टक्के साधारण 2050. नोव्हेंबर संपताना मुलगा 500 च्या खाली असेल तर जानेवारीत त्याची सोय दुसरीकडे बघायची. तिथे वाट बघत बसू नये.

---

मागची_फळी

लोड_शीट यांचं सगळं पटलं, फक्त 2000 चा आकडा सरसकट लावू नका. जागेप्रमाणे तो बदलतो.

विंगर 17-18 व्या वर्षी वर जाऊ शकतो. त्याने चार वेळा बॉल घालवला आणि पाचव्यांदा माणूस काढला तर कोच खूश. सेंटर बॅकच्या एका चुकीला गोल बसतो, म्हणून त्याला खाली जास्त शिजू द्यावं लागतं. रोबँ ल नॉर्मां 2016 ला ब्रेस्तहून थेट सान्सेत आला, तेव्हा तो 19 चा होता. दोन मोसमांहून जास्त काळ बीमध्ये घालवून तो सीनियरमध्ये पक्का झाला आणि पुढे स्पेनकडून 2024 ची युरो जिंकला. बी टीम फक्त अकादमीच्या मुलांसाठी नसते. उशिरा हाती लागलेला मुलगा पारखून घ्यायचीही ती जागा आहे.

गोलकीपरचं गणित सगळ्यात अवघड, कारण जागा एकच. दोघांना आलटून पालटून खेळवलं की दोघांचंही नुकसान. अशा वेळी लोनच बरा. आलेक्स रेमिरो आज सोसिएदादचा पहिला कीपर आहे, पण तो वाढला अॅथलेटिक बिल्बाओमध्ये, आणि 2017-18 ला वेस्काकडे लोनवर असताना ती टीम ला लीगात चढली.

आता मूळ प्रश्न, बी टीम वर गेलेली चांगली का. माझं मत: गेली तर उत्तम, पण वर टिकण्यासाठी क्लबने धोरण मोडलं की वाटोळं. सेगुंदात 22 टीम, 42 सामने. समोर तिशीतले स्ट्रायकर असतात. ते बॉल येण्याआधीच कोपर लावून जागा घेतात आणि दुसरा बॉल सोडत नाहीत. ज्युनियर लीगमध्ये 5-0 ने जिंकणाऱ्या मुलाला हे शिकवायला दुसरी शाळा नाही. पण 2021-22 सारखा मोसम गेला, हरण्याची सवय लागली, की दोन मोह होतात. एक, 25-26 वर्षांचे तयार खेळाडू आणून पॉइंट वाचवायचे. दुसरा, सीनियरसारखं मागून बॉल खेळत येणं सोडून लांब मारायला लागायचं. दुसरा मोह जास्त घातक. मग मुलगा वर गेल्यावर त्याला वरचा खेळच येत नाही. सुबिमेंदीच्या जागेवरचा खेळाडू सेंटर बॅककडून पाठमोरा बॉल घेतो, घेण्याआधी खांद्यावरून दोनदा मागे बघतो आणि एका टचमध्ये वळतो. खाली त्याच्या डोक्यावरून बॉल उडत असतील तर तो हे कुठे शिकणार?

सोसिएदादचं मला सगळ्यात जास्त आवडतं ते कोचचं. इमानोल अल्गुआसिल सान्सेतून सीनियरला गेला. 2025 ला टीम सेगुंदात नेणाऱ्या सेर्जिओ फ्रान्सिस्कोलाही त्याच उन्हाळ्यात सीनियर टीम मिळाली. ज्या कोचने मुलाला खाली तीन वर्षं पाहिलंय त्याला वर त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

---

उजवी_बगल

लोनबद्दल थोडी भर. बी टीमच्याच डिव्हिजनमधला लोन ऐकायला विचित्र वाटतो, पण तो चालतो. फेर्मीन लोपेझला बार्सिलोनाने 2022-23 ला लिनारेसकडे दिलं, तेही प्रिमेरा फेदेरासिऑनमध्येच. बीमध्ये त्याच्या जागेवर गर्दी होती, तिकडे तो रोज खेळला आणि परत आल्यावर सरळ सीनियरमध्ये गेला. लोन देताना तीन गोष्टी बघायच्या: तिथला कोच त्याला कुठल्या जागेवर खेळवणार, त्या जागेवर आधी कोण आहे, आणि कोच गेला तर जानेवारीत परत बोलावण्याचं कलम आहे का. तिसरी राहिली की मुलगा जूनपर्यंत अडकतो.

दोन मोसम बीमध्ये नियमित खेळूनही वरून बोलावणं येत नसेल तर तिसरा मोसम देऊ नये. विकावं, आणि करारात परत घेण्याचा हक्क ठेवावा. कार्वाहालला माद्रिदने 2012 ला लेव्हरकुझेनला विकलं आणि 2013 ला परत आणलं, ते याच कलमामुळे.

---

सहा_नंबर

मनापासून आभार सगळ्यांचे. एक पुरवणी प्रश्न: आपल्याकडे आरएफडीएल (रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग) आहे. ती या साच्यात कुठे बसते?

---

लोड_शीट

इंग्लंडच्या जवळ. आरएफडीएल 2022 ला गोव्यात सुरू झाली, पण तिथेही मुलांसमोर मुलंच असतात आणि सामने कमी. सान्सेला जे मिळतं ते आपल्याकडे राज्याच्या सीनियर लीगमध्ये मिळू शकतं. एफसी गोवाच्या डेव्हलपमेंट टीमने 2018-19 ला गोवा प्रोफेशनल लीग जिंकली होती, तीही धेंपो, साळगावकर, चर्चिल यांच्या सीनियर टीम समोर असताना. क्लबने दोन्ही लीगची तारखांची वही एकत्र मांडली आणि प्रत्येक मुलाची मिनिटं दोन्हीकडची धरून मोजली तर 1500 पर्यंत जाता येईल. अडचण तारखांची आहे: दोन्हीकडचे सामने एकाच पंधरवड्यात कोंबले जातात आणि मग महिनोन्महिने काहीच नसतं. त्या मोकळ्या महिन्यांत आठवड्याला एक, पूर्ण 90 मिनिटांचा, रेफ्री लावून खेळलेला सराव सामना ठेवायचा, आणि समोर शक्यतो ऑफिस टीम किंवा स्थानिक लीगमधली तयार माणसं घ्यायची, अंडर-19 ची टीम नव्हे.